शालनाक्काचं बिनमोटरीचं विमान

मिरची कांडणाऱ्या माणसानं बोट तोंडात घालू नये, हे कुणी शिकवावं लागत नाही. एकदा घातलं की जन्माची अद्दल घडते. आमची शालनाक्का मात्र दिवसभर घालते. उजव्या हाताचं बोट चाटायचं, डोक्यावर उंच धरायचं, डोळे बारीक करायचे आणि जाहीर करायचं, "वारं पश्चिमेचं हाय." बोटाला लवंगी असो नाहीतर ब्याडगी, तिला काही होत नाही. डोळ्यांत पाणी येतं ते समोरच्याच्या.

हे ती कुठंही करते. गल्लीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तिनं बोट वर धरलं आणि पाहुण्यांचा अख्खा घोळका हातानं ढकलत मांडवाच्या पलीकडच्या बाजूला नेला. "इकडनं टाकलं तर समदं तांदूळ फोटोवाल्याच्या डोसक्यात जातंय." मुलाकडची माणसं फुगली. पण अक्षता पडल्या त्या नवरा-नवरीवरच, हे त्यांनाही कबूल करावं लागलं. मयतालाही तेच. सरण कुठल्या बाजूनं पेटवायचं ते आक्का सांगणार. बायकांनी स्मशानात येऊ नये असं एकजण तिला म्हणाला होता. आक्का म्हणाली, "धूर काय बाई-बाप्या बघून डोळ्यात जातोय व्हय?" त्यानंतर कुणी काही म्हणालेलं नाही.

मी मधू. मंगळवार पेठेत आक्काच्या कांडपाच्या गिरणीसमोर राहतो, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करतो, आणि माझ्याकडं एक जुनी व्हॅन आहे. या हकिकतीत माझ्यापेक्षा व्हॅनचं काम जास्त आहे. आक्काचा नवरा लवकर गेला. पोरगी शाळेत होती. दिराभावांनी गिरणी विकायचा सल्ला दिला, तर आक्कानं दुसऱ्या दिवशी पदर खोचून मोटर चालू केली आणि सल्लागारांना ठसका लागून पळावं लागलं. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, म्हणजे वर्षाची चटणी करायच्या दिवसांत, आमची गल्ली अखंड शिंकत असते. आक्का तेवढी शिंकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मिरचीवालीला वाऱ्याशी काय करायचंय. करायचंय. आक्का विमान उडवते.

हसा. सगळे हसतात. ऐन सीझनमध्ये, रविवारी दुपारी, बाहेर डबे घेऊन बायकांची रांग लागलेली असताना साठीला टेकलेली ही बाई गिरणीला कुलूप घालते, रिमोट आणि फोमचं विमान लांब पिशवीत घालते, पिशवी काखेत मारते आणि माझ्या व्हॅनमध्ये येऊन बसते. रांगेतल्या कुणी कुरकुर केली तर म्हणते, "सहा दिवस तुमचं तिखट, एक दिवस माझं वारं. पटत नसंल तर दुसरीकडं जावा." कुणी जात नाही. आक्काच्या हाताची चटणी दुसरीकडं मिळत नाही.

या विमानाला मोटर नसते. कड्याच्या टोकावर उभं राहायचं आणि वाऱ्याच्या तोंडावर हातानं फेकायचं. वारं डोंगराला धडकतं, पुढं जायला वाट नसते म्हणून वर चढतं, आणि त्या चढत्या वाऱ्यावर विमान तरंगत राहतं. रिमोटनं नुसतं पंख-शेपूट हलवून त्याला वळवायचं. वारं आहे तोवर विमान आहे. आवाज नाही, धूर नाही.

सुरुवात अशी झाली. आक्का एका रविवारी आपणहून म्हणाली, "मधू, गाडी काढ. पन्हाळ्याच्या पलीकडच्या पठारावर हवा खाय जाऊ." जिनं जन्मात गिरणीबाहेरची हवा खाल्ली नव्हती तिनं असं म्हटल्यावर मी आणि माझी बायको रेखा मुकाट निघालो. पठारावर गेल्यावर सगळी दुनिया भेळेच्या गाड्यांपाशी थांबते. आक्का थांबली नाही. तरातरा चालत पार पश्चिमेच्या कड्यावर गेली, काठावर बसली आणि खाली वाड्या पसरल्या आहेत तिकडं बघत राहिली. आम्हाला वाटलं, दमली.

तिथं सांगलीचे एक निवृत्त गृहस्थ असलंच विमान उडवत होते. आक्कानं बराच वेळ वर बघितलं आणि विचारलं, "पावणं, मोटर कुठं हाय ह्याची?"

"मोटर नाही, काकू."

"मग वर कोण धरतंय?"

"वारा."

आक्कानं पुन्हा वर बघितलं. मग स्वतःशीच म्हणाली, "बिनमोटरीचं. मला असलंच पायजे." त्या भल्या माणसाला तिनं तिथल्या तिथं गुरू केलं आणि गुरुदक्षिणा म्हणून पुढच्या रविवारी चटणीचा डबा नेला. तो बिचारा चटणी खाऊन आठवडाभर पाणी पीत होता, तरी शिकवायला येत राहिला.

विमानाचं खोकं आलं तेव्हा गल्लीला वाटलं गणपतीचं मखर आलं. पंख बसवले, शेपूट बसवली. मग दोन बोटांवर तोलून बघायचं असतं. नाक किंचित खाली झुकायला हवं, शेपूट जड झाली तर विमान हेलपाटतं. आमचं शेपटीकडं कलत होतं. आक्कानं तराजूतलं एक बारकं पितळी वजन उचललं, नाकात खुपसलं आणि वर चटणीच्या पुड्या बंद करायची लाल टेप गुंडाळली. "तोलाय मला शिकवू नको," म्हणाली. पोटाखालीही लाल टेपचे पट्टे मारले, वर गेल्यावर पोट कुठलं नि पाठ कुठली ते कळावं म्हणून. झालं विमान.

पहिल्या रविवारी ती कड्यावर उभी राहिली, विमान डोक्यावर धरलं, गर्रकन फिरली आणि कड्याला पाठ करून फेकलं. विमान दगडावर आपटलं. सांगलीकर म्हणाले, "काकू, उलटं झालं. वाऱ्याकडं तोंड करायचं." आक्का म्हणाली, "कळलं की." तुटलेलं नाक टेपनं बांधलं, विमान उचललं, वाऱ्याकडं तोंड केलं आणि फेकायच्या क्षणाला पुन्हा गर्रकन फिरली.

अक्कल नव्हती म्हणून नव्हे हो. मिरचीची माणसं वाऱ्याकडं तोंड करत नाहीत. चाळायचं, पाखडायचं, ओतायचं, सगळं वाऱ्याला पाठ देऊन, नाहीतर डोळ्यांची आग होते. चाळीस वर्षांची सवय तिच्या पायांत बसली होती, डोक्याला विचारायला थांबत नव्हती. शेवटी मी एक खांदा धरला, रेखानं दुसरा धरला आणि आम्ही तिला म्हसोबासारखी वाऱ्यासमोर उभी केली. तर तिनं डोळे मिटले.

"आक्का, डोळे उघड की," रेखा म्हणाली.

"मिरची जाईल."

"इथं कड्यावर कुठली मिरची?"

आक्कानं एक डोळा उघडला, मग दुसरा. वारं सरळ तोंडावर येत होतं, पदर मागं उडत होता. थोडा वेळ तशीच उभी राहिली. "आयला," म्हणाली, "जन्मभर पाठ दिली ह्याला." आणि फेकलं. विमान क्षणभर खाली गेलं, मग कुणीतरी तळहातावर उचलून घ्यावं तसं वर आलं. आक्का ओरडली नाही, नाचली नाही. नाक ओढलं आणि म्हणाली, "वारं चावत न्हाई की."

तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. तिनं आपले नियम केले आणि ते कड्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती ऐकवते, विचारलं नाही तरी. फेकायच्या आधी पंख हलवून बघायचे. डोंगराकडं वळायचं न्हाई, वळायचं ते भाईर, दरीकडं, न्हाईतर कडा कपाळात. उतरायचं ते काठापासनं लांब, मोकळ्यात, काठामागं वारं भोवरा घालतंय. विमान आपल्याकडं यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, त्यात नवशिके हमखास गंडतात. त्यावर आक्काचा उपाय असा, "जो पंख पडाय लागलाय, रिमोटची काठी त्याच्याकडं द्यायची. पडतंय त्याला आधार. इचार कराय बसायचं न्हाई." आमच्याकडं बायका 'जातो', 'करतो' असंच बोलतात, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पुढं खटकलं तर तो तुमचा प्रश्न.

वारं बघायला बोट होतंच. शिवाय खाली वाडीत, अगदी डोंगराच्या पायथ्याला, एका स्लॅबच्या घरावर दोरी होती आणि रविवारी तिच्यावर एक लाल कापड असायचं. आक्का आल्या आल्या आधी तिकडं बघायची. "ते लाल बघ. डोंगराकडं फडफडलं की वारं बरोबर." कापड दिसेपर्यंत विमान पिशवीतून बाहेर काढायची नाही.

पण सगळ्या नियमांचा बाप वेगळाच होता. ज्यानं पाडलं त्यानंच आणायचं. एकदा विमान करवंदीच्या जाळीत गेलं. मी निघालो तर मला हाताला धरून थांबवलं.

"कुणी पाडलं?"

"तू."

"मग आणणार कोण? तुझा आज्जा?"

परत आली तेव्हा दोन्ही हात ओरबाडलेले, मांजराशी भांडल्यासारखे. पुण्याच्या एका पाहुण्यानं आपलं विमान खाली पाडलं आणि गुराख्याला आणायला पिटाळलं, तेव्हा आक्का मध्ये उभी राहिली. "पाडताना तुमीच होता न्हवं? मग पाय काय पुण्यात ठेवून आलाय?" गेला की तो. जाणार नाही तर काय करणार.

आणि मोटर. आक्कासमोर मोटरीचं नाव काढायची सोय नाही. कुणीतरी शहाणा दर रविवारी भेटतोच, "काकू, बारकी मोटर लावा, वारं नसलं तरी उडेल." आक्का त्याला वरपासून खालपर्यंत बघते. "मोटर म्हंजे दगा," म्हणते. दवाखान्यात लिफ्ट असली तरी ती जिन्यानं जाते. घरात मिक्सर नाही, वाटण पाट्यावर. मी एकदा म्हटलं, "आक्का, तुझी गिरणी काय देवाच्या कृपेवर चालते काय?" तर म्हणाली, "तिला पोसतो मी. तिच्यावर इस्वास न्हाई माझा." दिवसभर तो घुरघुराट कानात असतो, म्हणून वैताग असेल, असं आम्ही समजत होतो.

तिला थांबवायला माणसं कमी आली नाहीत. गल्लीतले म्हातारे म्हणाले, या वयात देवाधर्माचं बघावं. "देव बी वरच असतोय न्हवं? तिकडंच बघतो मी," आक्का म्हणाली. आजऱ्याहून तिचा भाऊ आला, काजूची पिशवी घेऊन, समजूत घालायला. बाईमाणसानं डोंगरावर पोरखेळ करणं घराण्याला शोभत नाही म्हणाला. आक्कानं काजू ठेवून घेतले आणि भाऊ परत पाठवला.

एकदाच तिची जीभ अडली. पठारावर आलेल्या एका चांगल्या घरच्या बाईनं कौतुकानं विचारलं, "आजी, विमान नातवाचं का?"

"नातू न्हाई मला," आक्का म्हणाली. "माझंच हाय." आणि वारं झकास असताना विमान उतरवलं, पिशवीत भरलं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली.

आता दीपाचं सांगायला पाहिजे. गल्लीत कुणी सांगत नाही, सक्त ताकीद आहे. पण मी सांगणार. दीपा म्हणजे आक्काची एकुलती एक पोरगी. बारा-बारा तास आईबरोबर गिरणीत राबायची. एका सीझनला गिरणीची मोटर सारखी जळायला लागली. जळली की माळवाडीहून इरफान यायचा, मोटर खोलून तिची तार नव्यानं भरून द्यायचा. चांगला पोरगा, कामाला चोख, तोंडात "आक्का, आक्का". आक्का त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. एवढा चोख कारागीर, मग मोटर पुन्हा आठवड्यात कशी जळते, हे कोडं अख्ख्या पेठेला पडलं होतं. पुढं कळलं की दीपा मुद्दाम डबल माल घालून जाळत होती. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि मग दीपा घरी सांगायला आली.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली काही माणसं सांत्वनाला आली. सांत्वन कसलं, पोरगा मुसलमान म्हणून तोंडसुख घ्यायला. आक्का आतून लवंगीची मूठ भरून दारात आली. "माझ्या पोरीनं काय केलं ते माझं मी बघतो. जावयाच्या धर्मावर ज्यानं तोंड उघडलं, त्याच्या तोंडात ही मूठ." एकानंही उघडलं नाही. एकाला तर नुसत्या वासानं शिंका सुरू झाल्या, तो शिंकत शिंकत घरी गेला. मी समोरच्या दारात उभा होतो आणि मला आक्काच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

पण दीपाला मात्र ती म्हणाली, "मला इचारलं असतंस तर दारात मांडव मी घातला असता. इचारलं न्हाईस. भ्यालीस मला. माझीच पोरगी मलाच भ्याली." मग आवाज फाटला तिचा. "जा. तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई मी." पोरगीही तिचीच. नेसत्या लुगड्यानिशी निघाली, आणि जाताना आईच्या ट्रंकेतलं लाल इरकल तेवढं घेऊन गेली. पुढं कित्येक महिने आक्का गल्लीभर सांगत होती, "माझं इरकल नेलं." पोरगी नेली असं एकदाही म्हणाली नाही.

पठाराखाली वाड्या पुष्कळ. त्यातली माळवाडी कुठली, हे वरून आम्हाला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती. मग मला पक्षी बघायची हौस आली आणि मी दुर्बीण घेतली. हौस महिन्यात फिटली, दुर्बीण व्हॅनमध्ये राहिली. एका रविवारी आक्का विमानात गुंग असताना रेखानं ती डोळ्याला लावली, खाली बघितलं आणि माझा दंड घट्ट धरला.

"अहो, ते लाल कापड म्हणजे आक्काचं इरकल आहे. काठ ओळखते मी."

मी बघितलं. इरकलच होतं. खाली अंगणात जळक्या मोटरींचा ढीग दिसत होता.

"धुतलं असेल," मी म्हणालो.

"इरकल कुणी दर रविवारी धुतं का? वेड लागलंय तुम्हाला."

मी वर बघितलं. विमान वाडीवर, त्या घराच्या बरोबर वर घिरट्या घालत होतं, लाल पोट खाली करून. गच्चीवर कुणीतरी कपाळावर हात धरून वर बघत उभं होतं. आणि शेजारी आमची आक्का, जबडा आवळून, रिमोटच्या काठ्या हलवत होती. एवढे रविवार ह्या दोघी अशा बोलत होत्या, फोन करायला आणि चार पावलं चालायला दोघींचा ताठा आडवा येत होता, आणि मी गाढव पेट्रोल घालून गाडी चालवत होतो. मला राग आला आणि रडूही आलं. आम्ही दोघांनी काहीही पाहिलं नाही असं ठरवलं.

त्यानंतर मध्ये इरकल दिसेनासं झालं. सलग काही रविवार दोरी मोकळी. आक्का कड्यावर येऊन बसायची, बघायची आणि म्हणायची, "वारं बरोबर न्हाई आज." वारं पिसाटासारखं वाहत असायचं. विमान पिशवीतच. गिरणीत तिचं ध्यान नव्हतं, कुणाच्या चटणीत मीठ दोनदा पडलं. रेखाला भाजी मंडईत कळलं होतं की दीपाचे दिवस भरलेत. पण हे आक्काला सांगणार कोण?

मग तो रविवार. भर वैशाख, पानही हलत नव्हतं. खाली दोरीवर काहीतरी होतं, लाल नव्हतं. पांढरं, बारीक बारीक, ओळीनं टांगलेलं. आक्का उठून उभी राहिली.

"रेखे, तुझी ती दुर्बीण आण."

दुर्बीण रेखाच्या हातातच होती. आक्कानं ती घेतली नाही. "तूच बघ. काय हाय ते सांग."

रेखानं बघितलं. "लंगोट आहेत आक्का. दुपटी आहेत. आणि एक टोपडं."

आक्काचं नाक लाल झालं, जन्मात मिरचीनं झालं नव्हतं ते. मग बोट चाटलं, वर धरलं.

"वारं हाय," म्हणाली.

"आक्का, कुठलं वारं? पान हलेना झालंय," मी म्हणालो.

"वारं हाय म्हणतो न्हवं." विमान काढलं, पंख हलवून बघितले आणि अंगातला सगळा जोर लावून फेकलं. ते वर आलंच नाही. येणार कसं? सरळ, एका रेषेत, उतरत उतरत वाडीकडं गेलं. आक्कानं ते एकदाही परत वळवलं नाही. पार त्या अंगणापर्यंत ती काठीला चिकटून होती.

"पडलं," ती म्हणाली.

पडलं म्हणे. हातभर जागेत विमान उतरवणारी बाई ती.

"मी आणू का आक्का?" मी विचारलं, मुद्दाम.

"नियम म्हाईत हाय न्हवं? मग?" तिनं रिमोट माझ्या हातात दिला आणि पाण्याची बाटली उचलली. हात धुवायला लागली. आधी पाण्यानं, मग माती घेऊन, मग रेखाच्या पर्समधल्या साबणाच्या कागदानं. नखांत काडी घातली. प्यायचं सगळं पाणी संपलं. मग बोट रेखापुढं धरलं.

"चाखून बघ. मला तिखट कळत न्हाई आता."

रेखानं चाखलं आणि ठसका लागला. आक्कानं व्हॅनमधली इंजिनासाठी ठेवलेली पाण्याची बाटली मागितली. पुन्हा धुतलं, पुन्हा पुढं धरलं.

"आता?"

"किंचित, आक्का."

"किंचित चालत न्हाई," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. "विमानाला डाग पडतोय." आम्ही हो म्हणालो. विमान आधीच टेपनं एवढं बांधलेलं होतं की डागाला जागा नव्हती. तिसऱ्या खेपेला रेखा म्हणाली, "आता नाही लागत." आक्कानं पदरानं बोटन्‌बोट पुसलं आणि पायवाटेनं उतरायला लागली. आम्ही व्हॅन घेऊन रस्त्यानं वळसा घालून निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा आक्का अंगणात एका जळक्या मोटरीवर बसली होती आणि मांडीवर गाठोडं होतं. मला बघून पहिलं वाक्य काय, तर, "उंबऱ्याला पाय लावलेला न्हाई. बघून ठेव." मग म्हणाली, "पोरगी हाय."

इरफान विमान दोन्ही हातांत धरून उभा होता, पूजेचं ताट धरावं तसा. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं आणि गप्प राहवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "आक्का, ह्याला बारकी मोटर बसवून देऊ काय?"

आक्कानं त्याला सावकाश वरपासून खालपर्यंत बघितलं. "माझ्या एका मोटरीला हात लावलास, त्याचं काय झालं ते बसलंय मांडीवर. विमानाला हात लावू नको. नुसतं धर." इरफाननं मान खाली घातली, पण तो हसत होता.

दीपा दारात होती, उंबऱ्याच्या आत. वाळली होती, डोळे भरलेले. "आई, आत ये की."

"न्हाई."

"बरं," दीपा म्हणाली, बाहेर आली आणि आईशेजारी जमिनीवर बसली. डोक्याला काही बांधलेलं नाही.

आक्का एकदम उखडली. "बाळंतीण हाईस का कोण? उघड्या डोसक्यानं वाऱ्यात बसतीस? आत हो."

"वारं कुठं हाय?" दीपा म्हणाली.

"हाय."

"मग तू बी आत चल. तू आलीस तर जातो, न्हाईतर हितंच बसतो. आणि वारं नसंल तर तसं सांग. मग ईमान हिकडं कसं आलं ते बी सांग."

आक्का अडकली. इतक्या वर्षांत तिला अशी कोंडीत धरलेली मी पाहिली नव्हती, आणि धरणारी शेवटी तिचीच अवलाद निघाली. वारं नाही म्हणावं तर वर फेकलं कशाला? आहे म्हणावं तर बाळंतीण बाहेर. तिनं पोरीकडं बघितलं. मग उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं, वर धरलं. अंगणातल्या शेवग्याचं एक पान हलत नव्हतं. दोरीवरचे लंगोट सरळ लोंबत होते. आम्ही सगळे त्या बोटाकडं बघत होतो.

"पश्चिमेचं हाय," आक्का म्हणाली. "जोराचं हाय." नातीला पदराखाली घेतलं, दुसऱ्या हातानं दीपाला दंडाला धरून उठवलं आणि उंबरा ओलांडून आत गेली.

इरफान विमान धरून तसाच उभा. मी त्याला म्हटलं, "ठेव आता खाली." तो म्हणाला, "नको. आक्कानं धर म्हटलंय."

हल्ली आक्काचं विमान दर रविवारी माळवाडीत पडतं. म्हातारीच्या हातातलं कसब गेलं, असं पेठेत बोलतात. बोलू देत. त्यांना काय कळतंय, आणि मी सांगणार नाही. रविवारी दुपारी गिरणीला कुलूप घातलं की आक्का न्हाणीत जाऊन हात घासत बसते, गाडी किती का वाजवेना मी. मग येऊन रेखापुढं बोट धरते.

"बघ गं, तिखट लागतंय का."